हरणाचं नाक, रानातला वारा आणि आपली राखण

रानडुकरावरचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. "वासाचं औषध बांधलं, दोन-चार दिवस बरे गेले, मग हरणं परत हरभऱ्यात. औषध खोटं आहे का?" औषध खरं का खोटं, ते नंतर बघू. पण ते बांधलं कुठं, त्या वेळी वारा कुणीकडून होता, आणि आलेलं जनावर नाकावर चालणारं होतं का डोळ्यावर, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आज वाऱ्यावरच बोलू.

बोलण्यात शिकारीचे दाखले येतील, कारण वारा आणि वास यांचं बरंचसं ज्ञान शिकाऱ्यांनीच गोळा केलंय. म्हणून आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. सलमान खानचं कांकाणीचं प्रकरण १९९८ चं, आणि जोधपूरच्या कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली २०१८ मध्ये. वीस वर्षं केस चालली. त्याच्याकडं वकिलांची फौज होती, आपल्याकडं दोन एकर सोयाबीन आहे. तेव्हा आजचा विषय मारण्याचा नाही, पीक राखण्याचा आहे.

आता जनावरं ओळखू. हदगावच्या शिवारात आपण सरसकट "हरणं आली" म्हणतो, पण त्यात तीन-चार वेगळी जनावरं असतात. माळावर आणि मोकळ्या रानात कळपानं दिसतं ते काळवीट. मोठं, घोड्यासारखं, ते रोही. पैनगंगेच्या पलीकडं उमरखेडच्या अंगाला जंगल लागतं, तिथं चितळ आणि सांबर. आणि रात्री येतं ते डुक्कर, ते हरणात मोडत नाही, पण शिव्या हरणालाही बसतात.

या सगळ्यांचं नाक सारखं नाही, ही आजची मुख्य गोष्ट. सांबर, चितळ ही झाडीत राहणारी. झाडीत लांबचं दिसत नाही, म्हणून त्यांचा भरवसा नाकावर आणि कानावर. चितळाला तर झाडावरच्या वानराचे डोळेही उसने मिळतात, वानर ओरडलं की खाली चितळ सावध. डुकराची नजर अधू, पण नाक असं की मातीखालचा भुईमूग शोधून काढतं. काळविटाचं उलटं आहे. ते उघड्या माळावरचं जनावर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं, आणि धोका लांबूनच दिसला की पळायला ताशी ७०-८० किलोमीटरचा वेग. त्याच्या जगण्यात नाक दुय्यम आहे. रोहीचेही डोळे-कान तेज, नाक त्या मानानं मध्यम.

याचा अर्थ काळविटाला वासच येत नाही असा नाही. नराच्या डोळ्यापुढं एक काळी खाच असते, त्या ग्रंथीतला स्राव तो काडीला, गवताला घासून आपली हद्द सांगतो. एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो तोही त्यासाठीच. तुमच्या बांधावर असे ढीग बघितले असतील. म्हणजे वास त्यांची आपसातली भाषा आहे. पण माणसाचा धोका ओळखायला ते आधी डोळा वापरतं.

जुने शिकारी हे ओळखून होते. फासेपारधी समाजाची रीत बघा. शिकवून तयार केलेली गाय पुढं, तिच्या आडोशानं पारधी, गाय चरत-चरत कळपाच्या जवळ सरकते आणि फासे मांडले जातात. काळविटाला गाय दिसते, माणूस दिसत नाही. कोल्हापूरच्या दरबारात चित्त्याकडून काळविटाची शिकार व्हायची, तेव्हा चित्ता डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून नेत. बैलगाडी रानात रोजचीच, तिला कळप बिचकत नाही. दोन्हीकडं भर डोळा फसवण्यावर. (या पारधी समाजाला इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का कायद्यानं १९५२ मध्ये पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून गेला नाही. रानाची एवढी माहिती असलेल्या माणसाला आपण बांधावर उभं करत नाही, हे मला खटकतं.)

आता मोबाइलवरचे व्हिडिओ बघा. कुजक्या अंड्याचं पाणी, केस, साबण, हे उपाय बरेचसे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठीचे. ते झाडीतलं, नाकावर चालणारं जनावर. तिकडचा शिकारी कपडे वेगळ्या साबणानं धुतो, वारा बघूनच जागा धरतो. तो सल्ला जसाच्या तसा उचलून माळावरच्या काळविटाला लावला, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. काळविटासाठी खर्च करायचा तर दिसणाऱ्या गोष्टींवर करा: चमकणाऱ्या पट्ट्या, हलणारं कापड, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे चालता-फिरता माणूस. शिवाय काळवीट मुळात दिवसा हिंडणारं आहे. रात्रभर जागून सकाळी सहाला राखणदार घरी जातो, आणि कळप सोयाबीनच्या कोंबात उतरतो तो नेमका त्यानंतर.

वासाची राखण मग डुकरासाठी, आणि नदीकाठच्या गावांत चितळ-सांबरासाठी. तिथं वारा कळायलाच हवा.

वारा ओळखायची जुनी युक्ती म्हणजे चुलीतली बारीक राख. फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि हलकेच झटकायची. पानं हलत नाहीत इतक्या कमी वाऱ्यातही राख कुठं सरकते ते दिसतं. झाडाच्या शेंड्याकडं बघून वारा ठरवू नका, शेंड्यावरचा वारा आणि गुडघ्याजवळचा वारा वेगळा असू शकतो, आणि डुकराचं नाक गुडघ्याच्याही खाली असतं.

आपल्याकडं वाऱ्याचे दोन हंगाम धरा. पावसाळ्यात, पेरणीपासून पुढं, वारा बहुतेक पश्चिमेकडचा आणि जोराचा. दिशा पक्की, हिशेब सोपा. पण जोराच्या वाऱ्यात वास पातळ होतो आणि पावसाच्या सरीनं धुऊन जातो.

हिवाळ्यातली गंमत वेगळी. दिवसा ऊन तापलं की जमिनीलगतची हवा गरम होऊन वर चढते, उतारावर ती उतारानं वर जाते, तिच्याबरोबर वासही. दिवस मावळला की उलटं. जमीन भराभर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारानं खाली वाहायला लागते. बांधावरून वावरात, वावरातून ओढ्यात, ओढ्यातून कयाधू-पैनगंगेकडं. हे तुम्ही रोज बघता. डिसेंबरात संध्याकाळी गावातल्या चुलींचा धूर वर न जाता घरांच्या उंचीवर चादरीसारखा आडवा पसरतो. वरची हवा उबदार, खालची गार, म्हणून धूर वर चढू शकत नाही. तुमचा वासही तसाच जमिनीला चिकटून उतारानं जातो, आणि दमट-गार हवेत बराच वेळ टिकतो. इसापूरच्या कालव्याचं पाणी फिरलेलं हळदीचं, उसाचं रान तर आणखी गार आणि दमट.

आता डुक्कर कुठून येतं? ओढ्यातून. दिवसभर तिथल्या झाडोऱ्यात, बेशरमात पडून राहतं. म्हणजे हिवाळ्याच्या शांत रात्री तुम्ही वावराच्या चढाच्या अंगाला बसलात, तर तुमचा, शेकोटीचा, कुत्र्याचा वास आपोआप वावरावरून ओढ्यात उतरतो. तेच ओढ्याच्या काठाशी मचाण बांधलं, तर वास ओढ्यानं पुढं निघून जातो आणि माळाकडच्या बाजूनं येणाऱ्या जनावराला तुमचा पत्ताच नसतो. शिकारी वारा तोंडावर घेतो, म्हणजे त्याचा वास मागं राहतो. राखणदारानं वारा पाठीवर घ्यायचा.

पण वास एकाच बाजूला पहारा देतो, ही त्याची मर्यादा. पश्चिमेचा वारा असताना पश्चिमेच्या बांधावर बसलात, तर पूर्वेकडून येणारं जनावर थबकेल. तुमच्या मागून, पश्चिमेकडून येणाऱ्याला काही कळणार नाही. त्या बाजूला डबा वाजवा, बॅटरी फिरवा. वासाच्या पुरचुंड्या चारी बाजूंना सारख्या बांधण्यापेक्षा वारा येतो त्या बाजूला जास्त बांधा, डुकराच्या नाकाच्या उंचीवर बांधा, आणि दर चार-आठ दिवसांनी जागा बदला. नुसता वास आहे आणि त्यामागं धोका नाही, हे जनावर लवकर शिकतं.

भुईमुगाभोवती करडईच्या तीन-चार ओळी घ्यायच्या, हा उपाय मला या सगळ्यांपेक्षा आवडतो. काट्यामुळं डुक्कर आत शिरायला कचरतं, करडईच्या उग्र वासात आतल्या पिकाचा वास झाकला जातो, आणि शेवटी तेलही घरी येतं.

एक गोष्ट मात्र बंद करा. उग्र वास येतो म्हणून फोरेट, आपल्याकडं थिमेट म्हणतात ते, फडक्यात बांधून बांधावर लटकवतात. २०२० संपल्यापासून देशात त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आहे. ते श्वासातून आणि कातडीतूनही बाधतं. आणि आत्ताच बघितलं, रात्री हवा उतारानं वाहते. खाली कुणाची वस्ती आहे, पाळणा बांधलाय, ते थिमेटला कळत नाही. तारेत घरची लाईन सोडणं तर त्याहून वाईट. त्यात डुकराआधी शेजारचा माणूस जातो.

वाघाबद्दल विचारलं होतं एकानं, थोडक्यात सांगतो. जिम कॉर्बेटनं लिहून ठेवलंय की माणसाचं नाक अधू असतं हे वाघाला माहीत नसतं, म्हणून नरभक्षक वाघ माणसाकडंही वारा सांभाळूनच येतो. त्यामुळं धोका कुठल्या बाजूनं येईल याचा अंदाज कॉर्बेट वाऱ्यावरून बांधायचा. बुद्धपौर्णिमेला अभयारण्यात पाणवठ्याच्या मचाणावर बसणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं की सेंट, डासाचं मलम आणि चिवडा घरी ठेवावा.

शेवटचा प्रश्न निवघ्याच्या बाजूच्या एका श्रोत्याचा: "एवढं करूनही कळपानं हरभरा खाल्ला तर?" काळवीट, चितळ, सांबर, रोही, डुक्कर यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वन खात्याकडून मिळते. अर्ज तीन दिवसांच्या आत द्यायचा. खुरांचे ठसे आणि खाल्लेले शेंडे यांचे फोटो त्याच सकाळी काढा, सातबारा जोडा, आणि पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्यात पाळी घालू नका, पाणीही सोडू नका. ठसे पुसले की हरीण आलं होतं हे सांगायला तुमच्याकडं काही उरत नाही.