सिंहासन, संविधान आणि नेपाळची प्रजा

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



नेपाळचा विषय निघाला की आपल्याकडे विचाराच्या आधी भावना बोलू लागते, आणि ते स्वाभाविक आहे. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर, लुंबिनी ही नावे आपल्या कानाला परदेशातील वाटत नाहीत. जगातील एकमेव हिंदू राष्ट्र अशी ज्या देशाची ओळख होती, तेथील राजसिंहासन २८ मे २००८ रोजी संविधान सभेच्या ठरावाने संपुष्टात आले. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या मनाला चटका बसला असेल. त्यानंतर सतरा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, माजी राजे ज्ञानेंद्र यांच्या स्वागतासाठी काठमांडूच्या विमानतळावर हजारोंचा समुदाय लोटला आणि राजा परत यावा अशा घोषणा झाल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेस तीनकुने भागात राजसमर्थकांच्या निदर्शनाला हिंसक वळण लागून दोघांचे प्राण गेले. नेपाळला राजा हवा की गणराज्य, हा प्रश्न त्या देशात अजून शमलेला नाही, हे यावरून दिसते.

या प्रश्नाचा निर्णय नेपाळी जनतेचा आहे. शेजाऱ्याने तो करावयाचा नसतो. परंतु शेजाऱ्याने तो नीट समजून घेणे हे मात्र त्याचे कर्तव्य आहे. माझे आजचे प्रतिपादन असे की, येथे दोन भिन्न प्रश्नांची एकत्र गाठ मारली गेली आहे. एक प्रश्न राजसंस्थेचा, दुसरा राष्ट्राच्या सांस्कृतिक ओळखीचा. ही गाठ सुटल्यावाचून दोहोंपैकी एकाचेही समाधानकारक उत्तर मिळणार नाही.

सिंहासन कोणी घालवले?

पृथ्वीनारायण शाह यांनी अठराव्या शतकात गोरखा या लहानशा राज्यातून निघून विखुरलेली राज्ये एकत्र आणली आणि आजच्या नेपाळचा पाया घातला. हे ऐतिहासिक ऋण कोणताही निःपक्षपाती अभ्यासक नाकारणार नाही. परंतु त्या घराण्याची पुढील कथा सलग वैभवाची नाही. १८४६ च्या कोत हत्याकांडानंतर सत्ता राणा घराण्याच्या हाती गेली आणि १९५१ पर्यंत राजा हा केवळ नामधारी राहिला. राजे त्रिभुवन यांनी नोव्हेंबर १९५० मध्ये काठमांडूतील भारतीय दूतावासाचा आश्रय घेतला, तेथून ते दिल्लीस आले आणि राणाशाहीचा शेवट करूनच मायदेशी परतले. राजा आणि प्रजा एका बाजूला उभे राहिलेले ते दुर्मीळ क्षण होते. त्याच वेळी त्रिभुवन यांनी प्रजेला एक वचन दिले होते, लोकांनी निवडलेली संविधान सभाच देशाची घटना तयार करील. ते वचन सत्तावन्न वर्षे पाळले गेले नाही. आणि अखेर जी संविधान सभा भरली, तिने पहिल्याच बैठकीत सिंहासन मोडीत काढले! इतिहासाचा न्याय कधी कधी असा कठोर असतो.

मधल्या काळात काय घडले? १९५९ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि विश्वेश्वरप्रसाद कोईराला पंतप्रधान झाले. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त केले, पंतप्रधानांना तुरुंगात टाकले आणि पक्षांवर बंदी घातली. तीस वर्षे पक्षविरहित पंचायत व्यवस्था चालली. १९९० च्या जनआंदोलनानंतर राजे वीरेंद्र यांनी काळाची पावले ओळखून घटनात्मक राजेपद स्वीकारले. त्यांच्याविषयी प्रजेच्या मनात आदर होता. १ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात राजा, राणी आणि राजपरिवारातील अनेक जण गोळीबारात मृत्युमुखी पडले. देश सुन्न झाला. त्यानंतर गादीवर आलेल्या ज्ञानेंद्र यांनी १ फेब्रुवारी २००५ रोजी सरकार बरखास्त करून सर्व सत्ता स्वतःच्या हाती घेतली.

येथे निर्णायक वळण आले. एकीकडे १९९६ पासून माओवाद्यांचा सशस्त्र उठाव सुरू होता; त्या संघर्षात सुमारे सतरा हजार माणसे मारली गेली. दुसरीकडे लोकशाही मानणारे पक्ष होते. माओवाद्यांना एकटे पाडून या पक्षांना जवळ करणे हेच राजाचे हित होते. घडले ते नेमके उलट. राजाने पक्षांनाच शत्रू ठरविले. परिणामी नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्ष आणि माओवादी यांच्यात समझोता झाला, एप्रिल २००६ मध्ये रस्ते माणसांनी भरले आणि राजाला विसर्जित संसद पुन्हा बोलवावी लागली. म्हणून मी म्हणतो, नेपाळचे सिंहासन माओवाद्यांनी एकट्याने उलथविले नाही. सर्वांच्या वर बसण्याचे स्थान सोडून राजा स्वतःच सत्तास्पर्धेत उतरला, तेव्हाच ते डळमळले.

त्याच वर्षी भूतानमध्ये

२००८ या एकाच वर्षी हिमालयाच्या कुशीतील दोन राज्यांत दोन विरुद्ध गोष्टी घडल्या. भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी कोणतेही आंदोलन दाराशी आलेले नसताना घटनालेखनास चालना दिली आणि डिसेंबर २००६ मध्ये पुत्रासाठी गादी सोडली. मार्च २००८ मध्ये राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली आणि जुलैत संविधान अमलात आले. त्या संविधानानुसार राजाला पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. संसदेच्या तीन चतुर्थांश बहुमताने आणि सार्वमताने त्याला पदच्युतही करता येते. आपल्या परंपरेत राज्याभिषेकाच्या वेळी राजालाही धर्माचा दंड लागू आहे, याची जाणीव करून दिली जात असे, असे सांगतात. भूतानच्या राजाने तो दंड स्वतःच कायद्यात लिहून ठेवला, असे म्हणता येईल. तेथील राजसंस्था आज टिकून आहे.

तथापि भूतानचे चित्र केवळ सोनेरी रंगाने रंगविणे योग्य होणार नाही. याच राजाच्या कारकिर्दीत, १९९० च्या दशकाच्या आरंभी, सुमारे एक लाख नेपाळी भाषिकांना भूतान सोडून पूर्व नेपाळमधील छावण्यांत दिवस कंठावे लागले. त्यांतील बहुसंख्य हिंदू होते. राजसंस्था असली म्हणजे न्याय असतोच असे नव्हे, हेही या उदाहरणातून शिकावयाचे आहे.

कोणता प्रश्न प्रजेला विचारला गेला?

गणराज्य नेपाळवर लादले गेले, असे काही जण म्हणतात. हा आरोप तपासून पाहिला पाहिजे. एप्रिल २००८ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली, त्या वेळी राजसंस्था राहावी असे उघडपणे म्हणणारा पक्ष रिंगणात होता. त्याला केवळ चार जागा मिळाल्या. गणराज्याचा ठराव ५६० विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाला. आधीच्या अंतरिम घटनेत दुरुस्ती करून निर्णयाची दिशा ठरविली गेली होती हे खरे. स्वतंत्र सार्वमत झाले नाही हेही खरे. १९८० मध्ये पंचायत व्यवस्था की बहुपक्षीय लोकशाही यावर नेपाळने सार्वमत घेतले होते, त्यामुळे ती वाट या देशाला अपरिचित नव्हती. तरीही राजसंस्थेच्या बाबतीत जनतेचा कौल निवडणुकीतून पुरेसा स्पष्ट होता, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागते.

हिंदू राष्ट्राची ओळख मात्र निराळ्या मार्गाने गेली. नेपाळ धर्मनिरपेक्ष झाल्याची घोषणा १८ मे २००६ रोजी, म्हणजे गणराज्याच्या दोन वर्षे आधी झाली. ती करणारे सभागृह १९९९ मध्ये निवडून आलेले, २००२ मध्ये विसर्जित झालेले आणि आंदोलनानंतर पुनरुज्जीवित केलेले होते. ज्या मतदारांनी ते निवडले, त्यांच्यासमोर हा प्रश्न कधी ठेवलाच गेला नव्हता. पुढे २०१५ च्या संविधानाने ती तरतूद कायम ठेवली. मात्र सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचे संरक्षण, असा तिचा खुलासाही त्याच कलमात करावा लागला आणि गाय हाच राष्ट्रीय प्राणी राहिला. २०१३ च्या निवडणुकीत हिंदू राष्ट्र आणि राजसंस्था या दोन्ही मागण्या करणाऱ्या पक्षाच्या जागा चारावरून चोवीसवर गेल्या. त्यांपैकी किती मते राजासाठी होती आणि किती धर्मासाठी, हे कोणी सांगावे? दोन प्रश्न एकाच मतपत्रिकेत बांधले की उत्तर वाचता येत नाही.

धर्म सिंहासनाच्या आधारावर उभा नाही

राजा गेला, आता नेपाळमधील धर्मपरंपरांचे काय होणार, अशी चिंता तेव्हा व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. सप्टेंबर २००८ मध्ये माओवादी नेतृत्वाखालील सरकारने इंद्रजात्रेतील काही पारंपरिक विधींचा सरकारी खर्च बंद करण्याचे ठरविले. काठमांडूचे रहिवासी रस्त्यावर आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. थोड्याच महिन्यांत पशुपतिनाथाच्या दक्षिण भारतीय भट्ट पुजाऱ्यांना दूर करून नव्या नेमणुका करण्याचा प्रयत्न झाला. तेथेही जनक्षोभापुढे सरकार नमले. या दोन्ही वेळी नारायणहिटीत राजा नव्हता. परंपरा राखली ती प्रजेने. आज इंद्रजात्रेत राष्ट्रपती कुमारीचा आशीर्वाद घेतात, दशैंला नागरिकांना टीका लावतात. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळमध्ये हिंदूंचे प्रमाण ८१ टक्क्यांहून अधिक आहे. इतका मोठा समाज आपल्या श्रद्धेसाठी एका घराण्याच्या भाग्यावर विसंबून राहावा, ही कल्पनाच त्या समाजाच्या सामर्थ्याला कमी लेखणारी आहे.

शिवाय गणराज्य ही या भूमीला परकी गोष्ट नाही. शाक्यांचे कपिलवस्तू आजच्या नेपाळच्या तराईत होते आणि तेथील कारभार सभेत चाले. वैशालीचे लिच्छवी गणराज्यासाठी प्रसिद्ध होते. त्याच नावाचे राजे पुढे काठमांडूच्या खोऱ्यात राज्य करताना दिसतात. राज्यपद्धती बदलल्या, समाज टिकला.

गणराज्याची खरी कसोटी

याचा अर्थ आजच्या गणराज्याची पाठ थोपटावी असा नव्हे. २००८ ते २०२५ या काळात एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत सलग पूर्ण करता आली नाही. अर्थात १९९० नंतरच्या राजेशाहीतही हेच होत होते. हा रोग पक्षांचा आहे. राष्ट्रपतिपद तरी पक्षातीत राहावे, ही अपेक्षा होती. पण २०२० आणि २०२१ मध्ये राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांनी पंतप्रधान ओली यांच्या शिफारशीवरून दोनदा संसद विसर्जित केली आणि दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांचा संताप उसळला. पहिल्याच दिवशी एकोणीस जण गोळीबारात मारले गेले. दुसऱ्या दिवशी संसद, सिंहदरबार आणि सर्वोच्च न्यायालय जळाले, ओली यांनी राजीनामा दिला. त्या पोकळीत राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे अंतरिम सरकार सोपविले आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. संकटात सर्वांच्या वर उभे राहण्याचे कार्य केवळ राजाच करू शकतो, हे म्हणणे त्या दिवसांत खोटे ठरले. आणि पक्षांच्या हाती सर्व काही सोडले तर राष्ट्र कोठवर जाते, हेही दिसले.

माझा निष्कर्ष असा. नेपाळने सिंहासन पुन्हा मांडण्याची आवश्यकता मला दिसत नाही. राजाने जे स्थान गमावले, ते राष्ट्रपतीने आपल्या आचरणाने भरून काढावे, ही खरी गरज आहे. आणि राष्ट्राच्या सांस्कृतिक ओळखीचा प्रश्न जर पुन्हा काढावयाचा असेल, तर तो राजाच्या मुकुटाखाली लपवून नव्हे, स्वतंत्रपणे, उघडपणे, सरळ प्रजेसमोर मांडावा. ज्यांना त्या ओळखीवर विश्वास आहे, त्यांना प्रजेच्या उत्तराचे भय असण्याचे कारण नाही. मागणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की, मधेसी असोत, जनजाती असोत वा दलित बांधव, ज्या ओळखीत त्यांना सन्मानाचे स्थान नाही, ती ओळख कोणतेही सिंहासन टिकवू शकणार नाही आणि कोणतेही संविधानही.