प्रश्नाचे उत्तर कोठे लिहिले जाते?

(दिघी येथे अधिकारी, शिक्षक आणि परिसरातील पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विधिमंडळातील प्रश्नोत्तरे या विषयावर बोलण्यासाठी मुंबई किंवा नागपूर सोडून दिघीला कशाला यावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु हा विषय दिघीतच अधिक चांगला समजतो, असे माझे मत आहे. सभागृहात सदस्य प्रश्न विचारतो आणि मंत्री उत्तर देतो, हे आपण वृत्तपत्रात वाचतो. ते उत्तर मुळात लिहिले कोठे जाते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. ते शाळेच्या हजेरीपत्रकात, ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत आणि महापालिकेच्या मोजमाप-पुस्तकात लिहिले जाते. म्हणजेच ते आपणच लिहितो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला एका दिवसात मिळालेला नाही. इंग्लंडच्या संसदेतील पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा, उमरावांच्या सभागृहातील आहे. साउथ सी कंपनीचा खजिनदार देश सोडून पळाला होता. तो पकडला गेल्याची वार्ता खरी आहे काय, असे अर्ल कूपर यांनी सरकारला विचारले. म्हणजे पहिलाच प्रश्न लोकांचा पैसा गुंतलेल्या एका संस्थेच्या तिजोरीविषयी होता! आपल्याकडे १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा मिळाली. उपप्रश्नाची परवानगी मात्र नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी ती मूळ प्रश्नकर्त्यापुरती मिळाली. उपप्रश्नाविना प्रश्न म्हणजे पुन्हा न ठोठावता येणारे दार, हे त्या काळच्या सदस्यांना पुरेपूर ठाऊक होते.

त्या सदस्यांमध्ये पुण्याचे एक शिक्षक होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रथम मुंबईच्या आणि मग मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकातील आकड्यांवरच सरकारला उत्तरे देण्यास भाग पाडले. शिल्लक उरते, तर ती शिक्षणावर का खर्च होत नाही, हा त्यांचा रोख असे. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. तथापि तो प्रश्न संपला नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला आणि २००९ साली देशभरासाठी शिक्षणहक्काचा कायदा आला. नीट विचारलेला प्रश्न पराभूत झाला तरी वाया जात नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कोणाला विचारावे?

आता दिघीकडे येऊ. १९९७ पर्यंत दिघी हे हवेली तालुक्यातील ग्रामपंचायतीचे गाव होते आणि येथील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या कक्षेत होती. त्या वर्षी आजूबाजूच्या गावांबरोबर दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाली. जी नगरपालिका १९७० मध्ये स्थापन होऊन १९८२ मध्ये महापालिका झाली होती, तिच्याकडे पाणी, रस्ते आणि प्राथमिक शाळा आल्या. शिक्षण मंडळाची व्यवस्था पुढे संपुष्टात आली आणि शाळा महापालिकेच्या शिक्षण विभागाखाली आल्या. मात्र खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांचा कारभार जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडेच आहे. केंद्रीय विद्यालय असेल, तर ते केंद्र सरकारचे. एकाच रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या तीन भावंडांच्या शाळांविषयी तीन वेगळ्या ठिकाणी विचारणा करावी लागते, ती अशी.

शाळेपुरतेच हे नाही. आळंदी रस्त्यावरील बस २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर परिवहन महामंडळाची. शेजारच्या भोसरीतील औद्योगिक क्षेत्र औद्योगिक विकास महामंडळाचे. लष्करी दारूगोळा भांडाराभोवतीचे प्रतिबंधित क्षेत्र, ज्याला आपण सर्वजण ‘रेड झोन’ म्हणतो, ते १९०३ च्या केंद्रीय कायद्यान्वये संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. त्याच्या हद्दीविषयीचा प्रश्न विधानसभेत विचारला, तर राज्य शासनाने केंद्राकडे कोणता पाठपुरावा केला, एवढेच मंत्री सांगू शकतील. मूळ प्रश्न लोकसभेत किंवा राज्यसभेतच विचारला पाहिजे. चुकीच्या दारी नेलेला प्रश्न परत येतो आणि नागरिक मात्र ‘कोणी ऐकतच नाही’ असे म्हणत राहतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महापालिका किंवा जिल्हा परिषद हे मंत्रालयाचे उपकार्यालय नव्हे. तिच्या दैनंदिन कारभाराचा जाब विचारण्याची पहिली जागा तिचे स्वतःचे सभागृह हीच होय. विधिमंडळाने विचारावयाचे ते शासनाच्या जबाबदारीविषयी: दिलेले अनुदान, मंजूर केलेले नियम, सोपविलेली देखरेख. परंतु मार्च २०२२ मध्ये येथील निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यानंतर प्रदीर्घ काळ महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. अशा काळात नगरसेवकाचा प्रश्न विचारला जात नाही आणि मग नगरविकास मंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नाला दुप्पट महत्त्व येते. तो प्रश्न वैरभावाने विचारला जातो असे अधिकाऱ्यांनी मानू नये. रिकाम्या सभागृहाची उणीव तो काही अंशी भरून काढीत असतो.

संस्था बंद झाली म्हणून हिशेब बंद होत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७२ मध्ये स्थापन झालेले पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले आणि त्याची मालमत्ता व जबाबदाऱ्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात वाटल्या गेल्या. जमीन गेली तेथे उत्तराची जबाबदारीही गेली, हे प्रश्नकर्त्याने विसरू नये आणि उत्तरकर्त्यानेही.

एका प्रश्नाने काय होते?

सार्वजनिक संस्था स्वायत्त आहे, म्हणून तिच्याविषयी विचारू नये, असा युक्तिवाद पूर्वीही झाला आहे. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय मुंबईत. दुसऱ्याच वर्षी या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. लोकसभेत त्यावर प्रश्न आला, उत्तराने समाधान झाले नाही, उपप्रश्न झाले आणि डिसेंबर १९५७ मध्ये चर्चा झाली. ती चर्चा फिरोज गांधी यांनी गाजविली आणि ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते, हे विशेष. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पैसा विमाधारकांचा होता. प्रश्न विचारणाऱ्याने तेवढेच ध्यानात ठेवले होते.

प्रत्येक प्रश्नाने इतके घडत नाही आणि घडण्याची गरजही नाही. आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती तपासतात. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांच्या लेखापरीक्षेवर पंचायत राज समिती जिल्ह्यात येऊन अधिकाऱ्यांची साक्ष घेते. ही समिती येणार म्हटले की कार्यालयांतून जी धावपळ उडते, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नोंद वेळच्या वेळी झालेली असेल, तर धावपळीचे कारण काय?

उत्तर कोण लिहितो?

प्रश्नाची भाषा आपल्या परिचयाची आहे. ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, अशी सुरुवात. मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हा कागद विधानभवनातून मंत्रालयाच्या विभागात जातो. तेथून आयुक्त किंवा संचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतो. आता तर तो व्हॉट्सॲपवर येतो आणि माहिती दुपारी चारपर्यंत मागितली जाते. मुख्याध्यापक वर्गावर असतात. मागच्या वर्षीचा तक्ता काढला जातो, तारीख बदलली जाते आणि तोच आकडा त्याच पायऱ्या चढत मंत्र्यांच्या हाती पोहोचतो. ‘हे खरे नाही’ असे मंत्री सभागृहात सांगतात, तेव्हा त्या तीन शब्दांचा आधार हा असतो.

या घाईची किंमत आपण मोजली आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. नांदेड जिल्ह्यात तिचा प्रयोग आधी झाला होता. तेथील तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी हे पुढे आपल्या महापालिकेचे आयुक्त झाले. पटावरील मुले आणि वर्गातील मुले यांत मोठी तफावत आढळली आणि दोषी शाळांवरील कारवाईचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. शिक्षकांची पदे पटावर मंजूर होतात, अनुदान आणि पोषण आहार पटावर ठरतो. पट फुगविण्याचा मोह त्यातूनच होतो. पण त्या पडताळणीपूर्वी विद्यार्थिसंख्येविषयी सभागृहात जी उत्तरे दिली गेली असतील, त्यांचे काय? सदस्याने प्रामाणिकपणे विचारले, मंत्र्यांनी हाती आलेला आकडा वाचला, तरी वर्गात नसलेले मूल उत्तरात हजरच राहिले.

दोष केवळ खालच्या पायरीचा नाही. तीच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत वारंवार मागविणाऱ्या कार्यालयांनीही विचार करावा. आणि विचारणाऱ्यानेही. समजा, ‘शाळेत स्वच्छतागृह आहे काय?’ असे विचारले, तर ‘आहे’ हे उत्तर खरे ठरते; मग कुलूप लावलेले असो वा नळ कोरडा असो. ‘स्वच्छतागृहात पाणी येते काय, आणि मुलींना ते शाळेच्या वेळात वापरता येते काय?’ असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला उठून पाहून यावे लागते. चांगल्या प्रश्नाची खूण हीच की त्याचे उत्तर खुर्चीत बसून देता येत नाही. आमदारांना असा प्रश्न सुचावा, यासाठी स्थळ, तारीख, मंजुरीचा क्रमांक आणि रक्कम यांसह माहिती त्यांच्याकडे गेली पाहिजे. ती ग्रामसभा, पंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याखेरीज कोण देणार? शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, त्या केवळ सह्या करण्यासाठी नव्हेत.

म्हणून माझी आपणांस तीन प्रकारची विनंती आहे. पंचायत सदस्यांनी तक्रार सांगताना कोणाच्या अखत्यारीतील बाब आहे, हे आधी शोधावे. अधिकाऱ्यांनी ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे वाक्य माहिती खरोखरच गोळा होत असेल तेव्हाच लिहावे. आणि शिक्षकांनी हजेरीपत्रकात आज न आलेल्या मुलापुढे गैरहजेरीची खूण निःशंकपणे करावी. त्या खुणेमुळे शाळेची शोभा उणी होत नाही. ते मूल का आले नाही, हा पुढचा प्रश्न त्या खुणेमुळेच विचारता येतो. मूल हजर दाखविले, तर तो प्रश्न कोणत्याही सभागृहात कधीच विचारला जाणार नाही.

आता आपले प्रश्न विचारावेत. उपप्रश्नांनाही येथे मुभा आहे.