आमची खिचडी आणि त्यांची लापशी



जेवणाआधी आम्हाला बोलायला उभं केलंय, त्यामुळे थोडक्यात सांगतो. विषय भुकेचाच आहे, तेव्हा वेळ तशी योग्यच म्हणायची!

आम्ही दोघं, म्हणजे घरातली एक आहारतज्ज्ञ आणि एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, रजा टाकून, स्वखर्चाने, सहा आठवडे मलावीला गेलो होतो. झोम्बा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना रोज जे खायला देतात, त्या कामाला स्वयंसेवक म्हणून.

आम्ही गेलो ते जानेवारी-फेब्रुवारीत. हे तिथले टंचाईचे महिने. मका हे मुख्य अन्न, आणि नवा मका हाती येतो एप्रिलच्या सुमारास. त्याआधी बऱ्याच घरांतल्या कणग्या रिकाम्या होतात. शाळेत मुलांना 'फाला' मिळते, म्हणजे मका आणि सोयाबीनच्या पिठाची पातळसर लापशी. मुलं घरून आपापला मग आणतात. गावातल्याच आया पाळीपाळीने, बिनपगारी, पहाटे चूल पेटवतात आणि वर्ग भरायच्या आत वाटप उरकतात.

आम्हाला वाटलं, रोज तीच लापशी? आम्ही पडलो खिचडी खाऊन वाढलेले! एक्सेलमध्ये आठवड्याचा मेनू बसवला. दोन दिवस फाला, तीन दिवस भात आणि राजमा. उष्मांक, प्रथिनं, लोह, सगळे रकाने हिरवेगार. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांचा मान राखून होकार दिला. शिजवणाऱ्या आयांना विचारावं, हे आम्हाला सुचलंच नाही.

राजमा रात्री भिजत घातला तरी शिजायला वेळ घेतोच. त्यात पावसाळा, लाकडं ओली. जेवण तयार झालं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पहिलीचा वर्ग सगळ्यात आधी सुटतो. ती मुलं रिकामे मग घेऊन घरी निघून गेली होती. कोणी रडलं नाही, कोणी तक्रार केली नाही. एक छोटी पावसात मग डोक्यावर पालथा घालून चालली होती. ती पाठमोरी मुलगी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या दिवशी एका वयस्कर बाईंनी शिक्षकांमार्फत आम्हाला एवढंच विचारलं, "सकाळचे हे तास मुलांनी कशावर काढायचे?" आमच्या एक्सेलमध्ये घड्याळाचा रकानाच नव्हता.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. मक्याच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, सोयाबीन ती उणीव भरून काढतं. भाताला डाळीची जोड देतो, तसंच. शिवाय त्या पिठात जीवनसत्त्वं आणि खनिजं मिसळलेली होती. म्हणजे ती लापशी हीच त्यांची खिचडी होती! पुस्तकात शिकलेलं, पण पातेल्यात ओळखता आलं नाही.

खरं तर हा धडा आम्हाला घरूनच माहीत असायला हवा होता. १९९५ साली आपल्याकडे केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा आमच्यापैकी एकजण प्राथमिक शाळेत होता. त्या वेळी ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. पिशवी घरी जायची आणि घरातल्या सगळ्यांत वाटली जायची. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला, त्यानंतर शाळेत खिचडी आली. शाळेत शिजलेला घास त्याच मुलाच्या पोटात जातो. मात्र तो वेळेवर शिजायला हवा.

आम्ही मेनू मागे घेतला. उरलेल्या दिवसांत जे केलं त्याला तज्ज्ञ लागत नाही. रांगेतल्या शेवटच्या मुलांना पातळ लापशी मिळायची, म्हणून पीठ-पाण्याच्या मापाचे डबे ठरवले. पिठाची पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवली. ओल लागली की बुरशी धरते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळूनही जात नाही. हात धुवायला तोटीचा पिंप बसवला. पिठाचा रोजचा हिशोब साध्या वहीत सुरू केला. ती वही आता आयाच लिहितात.

परतीच्या विमानात आम्ही एक हिशोब मांडला. आमच्या दोन तिकिटांच्या पैशांत त्या शाळेचं किती पीठ आलं असतं? आकडा सांगत नाही, पण बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

तेव्हा मंडळी, एकच विनंती. आज जमणाऱ्या निधीतून पीठ, सुधारित चुली आणि पोती ठेवायला कोरडी खोली, एवढंच व्हावं. आमच्यासारख्या पाहुण्यांच्या प्रवासावर त्यातला एकही पौंड जाऊ नये. शिजवणारे हात तिथे आहेत, आणि ते आमच्यापेक्षा जाणते आहेत.

आता पोटभर जेवा. आणि जेवून झाल्यावर दाराशी ठेवलेल्या पेटीकडे जरूर वळा.