परदेशी प्रवेशासाठी परिचयपत्र: थोडके पण खरे

आपल्याकडे अभियांत्रिकीचा प्रवेश मुख्यतः सीईटीच्या गुणांवर ठरतो. अमेरिकेतली अनेक महाविद्यालये मात्र नववी ते बारावीत विद्यार्थ्याने वर्गाबाहेर काय केले, हेही विचारतात. त्यामुळे तिकडे अर्ज करणारी आपली मुले परिचयपत्रात प्रमाणपत्रांची गर्दी करतात. ही गर्दी उपयोगाची नाही, आणि याचा पुरावा अर्जातच आहे. शेकडो महाविद्यालये स्वीकारतात त्या ‘कॉमन ॲप’मध्ये जास्तीत जास्त १० उपक्रम मांडता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरे. शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडेही लिहावे लागतात. दोन दिवसांचे शिबिर आणि तीन वर्षे चालवलेले वाचनालय यांतला फरक तिथे लगेच उघडा पडतो.

कुणी म्हणेल, ऑलिम्पियाड, परदेशी शिबिरे ज्यांना परवडत नाहीत त्यांनी लिहायचे काय? शंका रास्त आहे. पैशाचा फायदा मिळतोच. पण याच अर्जात कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम हे उपक्रमांचे मान्य प्रकार आहेत. ‘घरी मदत केली’ एवढ्याने मात्र भागत नाही. ‘किराणा दुकानाची उधारी वही सांभाळली, शाळेनंतर आठवड्याला १२ तास’ असे लिहिले की कामाचे वजन कळते. तास आणि तारखा नववीपासूनच वहीत टिपाव्यात. बारावीत आठवून लिहिलेले आकडे फुगतात, आणि शिक्षकांच्या शिफारसपत्राशी ते जुळले नाहीत तर खऱ्या कामावरही संशय येतो.