दम थांबतो, दमा थांबत नाही



दिवाळी सरली की अकोला-अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात. रुईची धूळ, चुलीत पेटवलेल्या पऱ्हाटीचा धूर, बांधावरचं गाजरगवत आणि वरून पहाटेचा गारठा. दमेकऱ्याची छाती याच दिवसांत वाजू लागते. तो पंप मारतो, घटकाभरात बरं वाटतं, आणि पंप पुन्हा फडताळात जातो. पण धाप थांबली तरी श्वासनळीच्या आत काम चालूच असतं.

दम लागतो तेव्हा नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. ही सूज वर्षानुवर्षं राहिली, की शरीर तिथे सतत डागडुजी करत बसतं. सुकलेल्या बोंडांची टोकं टोचून कापूस वेचणारीच्या बोटांना घट्टे पडतात, तसंच हे. अस्तराखालचा थर तंतूंनी जाड होतो. स्नायूंचा पट्टा वाढतो. कफ करणाऱ्या पेशी वाढतात आणि तो वर ढकलणारी बारीक लव कमी होते. भिंत जाड, वाट अरुंद! नळीचा व्यास निम्मा झाला, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा १६ पट होतो. म्हणूनच जुनाट, तीव्र दम्यात पंप मारूनही श्वास पुरता मोकळा होत नाही.

दम्याने दगावलेल्यांच्या श्वासनळ्या मोजून ह्यूबर आणि केसलर या अमेरिकी डॉक्टरांनी १९२२ सालीच हा जाडपणा नोंदवला होता. पुढे तो लहान मुलांतही आढळला.

आता औषधाचं. झटपट आराम देणारा पंप फक्त आवळलेला स्नायू सैल करतो. सुजेला तो हात लावत नाही. सूज उतरवतो तो स्टिरॉइडचा, रोज घ्यायचा पंप. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून लोक नेमका हाच सोडतात. खरं तर त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळीत जातं. घेतल्यावर चूळ भरावी, एवढंच. झालेला जाडपणा पुरता उतरेलच असं नाही, म्हणून बरं वाटत असतानाही हा पंप चालू ठेवायचा.

रात्री दम लागून जाग येत असेल, किंवा आरामाचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा काबूत नाही. डॉक्टरांकडे जाऊन फुंकण्याची तपासणी करून घ्या, आणि पंप कसा ओढता तेही त्यांच्यासमोर ओढून दाखवा. बऱ्याच जणांचं औषध घशातच राहतं.