तीन चाके आणि एक तरफ

सायकलस्वार वळणावर आला की तो वळणाच्या आतल्या बाजूस कलतो. त्यासाठी त्याला कोणी शिकवावे लागत नाही. न कललेला स्वार पडतो, एवढे शिक्षण त्याला पुरेसे असते. तीन चाकांच्या रिक्षात बसणाऱ्याचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. रिक्षा वेगाने वळली की आतले माणूस बाहेरच्या बाजूला लोटले जाते आणि त्याचा हात नकळत दांडीकडे जातो. दोन चाकांना जे सहज साधते ते तीन चाकांना का साधू नये, हा प्रश्न मोटारसायकलीला साइडकार जोडणाऱ्यांना फार पूर्वीच पडला होता. त्याचे एक धाडसी उत्तर 1923 साली आयल ऑफ मॅन या बेटावर शर्यतीच्या रस्त्यावर तपासले गेले.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात असलेल्या या लहानशा बेटावर 1907 सालापासून टूरिस्ट ट्रॉफीच्या मोटारसायकल शर्यती होत आल्या आहेत. त्यांतला डोंगरमार्ग पावणेअडतीस मैलांचा. गावातल्या गल्ल्या, दगडी कुंपणे, अरुंद पूल आणि स्नेफेल पर्वताची चढण असे सारे त्या एका फेरीत येते. 1923 साली या शर्यतींत प्रथमच साइडकारच्या गाड्यांना प्रवेश मिळाला. अंतर तीन फेऱ्यांचे, म्हणजे एकशे तेरा मैलांहून थोडे अधिक ठरले.

साइडकारची अडचण वरवर दिसते त्याहून खोल आहे. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ती मोटारसायकलीच्या डाव्या अंगास जोडलेली असते. गाडी वेगाने डावीकडे वळली की केंद्रोत्सारी प्रेरणा तिला उजवीकडे लोटते, आणि साइडकारचे हलके चाक जमीन सोडून वर उठते. उजवीकडे वळताना संकट दुसऱ्या रूपाने येते. सारा भार साइडकारच्या चाकावर पडतो आणि मोटारसायकलीचे मागचे चाक उचलू लागते. म्हणून अशा गाडीतील सोबती हा केवळ प्रवासी नसतो. डाव्या वळणावर तो जमिनीला अंग लागेल इतका बाहेर ओणवा होतो, उजव्या वळणावर स्वाराच्या पाठीमागे झेपावतो. त्याचे शरीर हेच त्या गाडीचे चालते वजन होय.

फ्रेडी डिक्सन हा इंग्लंडमधील स्टॉकटन-ऑन-टीज येथे 1892 साली जन्मलेला स्वार. स्वाराइतकाच तो कारागीरही होता. हाती आलेले यंत्र आहे तसे वापरणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने विचार केला, की माणसाने यंत्राबाहेर लोंबकळून तोल साधण्यापेक्षा यंत्रालाच कलावयास शिकविले तर? गाडी डग्लस कंपनीची होती. तिच्या एंजिनाचे दोन सिलिंडर समोरासमोर आडवे बसविलेले असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य मुळातच खाली होता. तिला जोडलेल्या साइडकारचे चाक सांगाड्यास पक्के न जखडता वरखाली होऊ शकेल असे बसविण्यात आले, आणि त्याची तरफ सोबत्याच्या हाती देण्यात आली. चाक सांगाड्याच्या मानाने वर घेतले की साइडकार खाली बसे व सारी गाडी डावीकडे कले; चाक खाली ढकलले की साइडकार उचलली जाऊन गाडी उजवीकडे कले.

कल्पना सोपी, परंतु तिची कसोटी कठीण. पक्क्या सांगाड्यात एक सांधा घातला की तेथे एक नवी दुर्बलता निर्माण होते. खडबडीत रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या सांध्यावर येतो. तरफ सैल असेल तर ती भलत्या क्षणी सुटावयाची. फार ताठ असेल तर वळण संपले तरी हलावयाची नाही. यांपेक्षा नाजूक प्रश्न दोन माणसांमधला होता. सुकाणू एकाच्या हाती आणि कल दुसऱ्याच्या हाती. एंजिनाच्या गर्जनेत सूचना ऐकू जाणे शक्य नाही. वॉल्टर डेनी या सोबत्याने वळण ओळखावयाचे, स्वार गाडी वळवील त्याच क्षणी तरफ ओढावयाची आणि रस्ता सरळ होताच ती परत आणावयाची. एखाद्या वळणावर ती उलट दिशेने ओढली गेली तर ती चूक दुरुस्त करण्यास वेळ नव्हता. आणि चुकीची किंमत दोघांनीही द्यावयाची होती.

शर्यतीत सर्वांत वेगवान फेरी स्कॉट गाडीवरील हॅरी लँगमन याने नोंदविली, परंतु त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. डिक्सन आणि डेनी यांनी तीन फेऱ्या 2 तास 8 मिनिटांहून किंचित कमी वेळात पूर्ण केल्या आणि पहिला क्रमांक मिळविला. त्यांची सरासरी ताशी 53 मैलांहून थोडी अधिक पडली. त्याच वर्षी दुचाकींच्या सीनियर शर्यतीत, तीही डग्लस गाडीवरच, टॉम शेअर्ड विजयी झाला. ती शर्यत पावसात झाली आणि तिची सरासरी होती सुमारे साडेपंचावन्न मैल. तीन चाके आणि दोन माणसे घेऊन धावणारे यंत्र दुचाकीच्या इतके जवळ यावे, यावरून त्या तरफेचे मोल कळते.

तथापि विजयाने कल्पना रूढ झाली असे मात्र नाही. बेटावरील साइडकारची शर्यत 1925 नंतर बंद पडली आणि 1954 साली पुन्हा सुरू झाली. पुढील काळातील शर्यतीच्या गाड्या कलणाऱ्या न राहता ठेंगण्या आणि ताठ झाल्या. तोल साधण्याचे काम पुन्हा सोबत्याच्या शरीराकडे आले. कलणाऱ्या तीन चाकांनी आपली वाट अन्यत्र शोधली. ब्रिटनमध्ये 1970 साली आलेली एरियल थ्री ही छोटी गाडी बाजारात अपयशी ठरली, परंतु त्याच रचनेचा परवाना घेऊन जपानच्या होंडा कंपनीने पुढे यशस्वी वाहने बनविली. 2006 साली इटलीच्या पियाजिओने आणि 2014 साली जपानच्या यामाहाने पुढे दोन कलती चाके असलेल्या गाड्या विक्रीस आणल्या. त्यांत तरफ ओढणारा सोबती नाही. स्वार कलतो आणि त्याच्याबरोबर गाडी कलते.

डिक्सनने 1927 साली दुचाकीवर, तर 1935 व 1936 साली मोटारीत टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. दोन, तीन आणि चार अशा तिन्ही प्रकारच्या चाकांवर हा मान मिळविणारा तो एकमेव पुरुष होय. 1956 साली त्याचे निधन झाले. त्याचे नाव शर्यतींच्या इतिहासात ठळक अक्षरांत आहे. डेनीचे नाव त्यामानाने क्वचितच घेतले जाते. वस्तुतः त्या एकशे तेरा मैलांतील प्रत्येक वळणावर एकाने आपला जीव दुसऱ्याच्या हातातील दांड्यावर सोपविला होता, आणि दुसऱ्याने आपला जीव पहिल्याच्या सुकाणूवर. यंत्राचा सांधा लोखंडाचा होता. त्याला अर्थ आला तो या विश्वासामुळे.