सापाचें जेवण

पाहुण्यास आग्रहानें वाढणें हा गृहस्थधर्म खरा; परंतु तोच आग्रह पाळीव सापाच्या जिवावर बेतूं शकतो. अमेरिकेंत व युरोपांत पश्चिम आफ्रिकेंतील 'बॉल पायथन' हा लहान अजगर पुष्कळ घरीं पाळतात. त्याच्या पिलास ५ ते ७ दिवसांनीं आणि पूर्ण वाढलेल्या अजगरास २ ते ४ आठवड्यांनीं एक उंदीर पुरतो. मनुष्य अन्नाचा मोठा भाग अंग उबदार राखण्यांत खर्च करितो. सापास ती ऊब बाहेरून मिळते. खर्चच थोडा, तेथें भूक ती किती!

मात्र केवळ दिनदर्शिका पाहून उंदीर पुढें करूं नये. अंगास ऊब नसेल तर भक्ष्य पचत नाहीं. साप तें ओकून टाकितो. कात टाकण्यापूर्वीं डोळे दुधाळ होतात, तेव्हां तो बहुधा अन्नास शिवत नाहीं. वरचेवर चारल्यास यकृतावर चरबी चढते. निरोगी प्रौढ अजगर कित्येक आठवडे उपाशी राहिला तरी घाबरूं नये. वजन मात्र नियमित पाहावें, आणि तें घटूं लागल्यास पशुवैद्यास दाखवावें.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी साप घरीं पाळण्यास मनाई आहे. तरी नागपंचमीस गारुड्याच्या नागापुढें दुधाची वाटी येते. दूध हें सापाचें अन्न नव्हे. दिवसचे दिवस तहानेला ठेवलेला नाग तें पितो, आणि पुष्कळदां तें त्याच्या प्राणावर बेततें. त्या दिवशीं गारुड्यास दूध न देतां परत पाठवावें, आणि नागास मनोमन नमस्कार करावा.